डावा खांदा का दुखतो

मी एका विद्यार्थ्याला डस्टर फेकून मारलं होतं. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. मुळशीतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, तेव्हाही तेच शिकवत होते. त्या दिवशी पक्ष्यांचं प्रजनन चाललं होतं. शेवटच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, कोंबड्याच्या गोट्या कुटं असत्यात?" वर्ग खदखदून हसला. मला वाटलं, हा माझी टर उडवतोय. हातात होतं ते फेकलं. लाकडी पाठीचं डस्टर त्याच्या भुवईवर बसलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. चार टाके पडले. नंतर कळलं की त्याच्या घरी पोल्ट्री होती. लहानपणापासून तो कोंबड्या सोलत आला होता आणि त्याला हा प्रश्न खरोखरच पडला होता. कोंबड्याची वृषणं पोटाच्या आत, कण्याला लागून असतात, बाहेरून दिसत नाहीत. प्रश्न अगदी बरोबर होता.

त्याचे वडील दुसऱ्या दिवशी आले. मी घाबरले होते. ते म्हणाले, "मॅडम, अजून दोन हाणायच्या व्हत्या. घरी पण लई बोलतो." मग हात जोडून निघून गेले. आठवडाभरात मीही ते विसरले. वर्ग मात्र विसरला नाही. बॅच बदलत गेल्या, पण हिच्या तासाला तोंड उघडायचं नाही, हे वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगत गेली असणार. पुढं कितीतरी वर्षं माझ्या वर्गात कुणी हात वर केला नाही. "समजलं का?" विचारलं की "हो मॅडम." काय समजलंय ते पेपर तपासताना कळायचं. मूत्रपिंडाच्या जागी फुप्फुसाची आकृती, यकृताला तीन तोंडं.

करोनानंतर मुलांच्या हातात फोन आले ते काही परत गेले नाहीत. त्याच सुमारास आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं आणि त्यात मला एक सोय सापडली. फळ्याशेजारी एक चौकोनी कोड लावायचा. मुलांनी तो फोननं स्कॅन करायचा आणि प्रश्न टाइप करायचा. नाव लिहावं लागत नाही. प्रश्न प्रोजेक्टरमधून पडद्यावर येतो, आणि ज्यांना तोच प्रश्न पडलाय त्यांनी 'मलाही' वर बोट ठेवलं की तो वर सरकतो. शिकवणाऱ्याला तिथल्या तिथं कळतं की वर्ग कुठे अडलाय.

पहिल्या आठवड्यात फक्त शिव्या आल्या. माझ्या शरीराबद्दल, माझ्या वयाबद्दल, जे मी इथं लिहिणार नाही असं बरंच काही. सगळं पडद्यावर, एवढ्या मोठ्या अक्षरात. एकदा आलं, "म्हातारे, सूसच्या खिंडीत गाडी हळू चालव, उडवू." मी सूसला राहते आणि रोज स्कूटीवरून येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी खिंडीत मागून येणाऱ्या प्रत्येक दुचाकीकडं मी आरशात बघत होते. एक टेम्पो अगदी घासून गेला तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबले.

प्राचार्य म्हणाले, "बंद करा ते. नसती डोकेदुखी."

मी बंद केलं नाही. सेटिंग बदललं. आता प्रश्न आधी माझ्या लॅपटॉपवर यायचे आणि मी निवडलेला प्रश्नच पडद्यावर जायचा. दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना मी मुलांना डस्टरची हकीकत सांगितली. मुलाचं नाव सांगितलं नाही, प्रश्न मात्र सांगितला, त्याचं उत्तरही दिलं, आणि चूक माझी होती असं म्हणाले. कुणी हसलं नाही. त्या तासाला पहिला खरा प्रश्न आला: "कानाखाली बसल्यावर शिट्टी का वाजते?"

त्याला वर्गातल्या निम्म्या लोकांनी 'मलाही' केलं.

मग प्रश्न येतच राहिले. डोक्याला मार लागल्यावर उलटी का होते. नाकावर बुक्की बसली की डोळ्यांतून पाणी का येतं. पट्ट्याचा वळ आधी लाल आणि मग हिरवा का होतो. लाथ बसल्यावर लघवीला लाल होते ते किती दिवस चालतं. तोवर आमच्याकडं विच्छेदन बंद झालं होतं. टॅबवर एक बेडूक यायचा, बोटानं त्याची कातडी बाजूला करायची, अवयव ओढून ट्रेमध्ये ठेवायचे. मुलं कंटाळायची. "घरी आख्खं बकरं सोलतो मॅडम, ह्या बेडकात काय हाय," म्हणायची. पण मार आणि शरीर एकत्र आलं की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. माझ्या वर्गाला शरीर मारातूनच माहीत होतं, हे मला त्या वर्षी कळलं.

मी अभ्यासक्रम त्याप्रमाणे फिरवला. कान शिकवताना सुरुवात थपडेनं केली. हवा आत दाबली जाते, पडदा ताणतो, फाटतो. त्वचा शिकवताना वळ घेतला. सत्र परीक्षेत कानाची आकृती पहिल्यांदाच जवळजवळ सगळ्यांची बरोबर आली. स्टाफरूममध्ये मी ते पेपर इतरांना दाखवत फिरले. माझा हुरूप एवढा होता की एक साधी गोष्ट माझ्या मनात आली नाही. ही मुलं कुणाचा मार खाऊन येतायत, किंवा कुणाला मारून येतायत, हे मी कधी विचारलं नाही. नाव विचारायचं नाही हा तर नियमच होता, आणि तो मला सोयीचाही होता.

त्या दिवशी दुसऱ्या वर्षाचा सकाळचा तास होता. विषय प्लीहा. मराठीत पाणथरी, मटणाच्या दुकानात तिल्ली. पडद्यावर माणसाचं त्रिमिती शरीर होतं, माउसनं फिरवता येणारं. मी बरगड्या काढल्या, जठर बाजूला सरकवलं आणि मागची जांभळी पाणथरी दाखवली. "मूठभर अवयव," मी म्हणाले, "पण रक्तानं गच्च भरलेला. स्पंजसारखा."

लॅपटॉपवर प्रश्न आला. "डाव्या बाजूला मार लागला तर डावा खांदा का दुखतो?"

मी खुर्चीतून उठलेच. पुस्तकात नसलेला प्रश्न होता. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात ती खूण कुणीतरी आमच्या पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात बसून विचारत होतं. मी तो पडद्यावर टाकला.

"हा ज्यानं कुणी विचारला," मी म्हणाले, "त्यानं पुढं खूप शिकावं. वर्षभरातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे."

मग मी रंगात येऊन समजावलं. पाणथरी फुटली की रक्त पोटात सांडतं. ते श्वासपटलाखाली साचतं. श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच निघतात. मेंदूला कळत नाही कळ कुठून आली. त्याला वाटतं, खांदा दुखतोय. मी शरीर आडवं केलं, पोटात लाल रंग भरला, तो वर श्वासपटलाकडं सरकताना दाखवला. मुलं बघत होती. मला फार बरं वाटत होतं.

दुसरा प्रश्न आला. "मार परवा लागला असेल तर आज दुखेल का?"

तोही मी पडद्यावर टाकला. "दुखेल. पाणथरीला वरून एक पातळ पिशवी असते. कधी कधी आत फुटतं पण पिशवी टिकते. रक्त आतल्या आत साठत राहतं. दोन दिवस, चार दिवस. माणूस हिंडतो, जेवतो. मग पिशवी फुटते."

तिसरा आला तेव्हा मी माउस धरून उभी होते. तो प्रश्न नव्हताच. "चेहरा पांढरा पडलाय. घाम येतोय. आडवं केलं की खांदा जास्त दुखतो म्हणतो."

मी तो पडद्यावर टाकला नाही. पडद्यावर अजून ते लाल भरलेलं पोट होतं आणि वर्ग माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होता. मी वर्गाकडं पाहिलं. सगळ्यांच्या हातात फोन होते, सगळ्यांच्या माना खाली होत्या. माझ्याच सांगण्यावरून.

"ऐका," मी म्हणाले. "आता मी जे सांगते ते परीक्षेचं नाही. असं कुणाला होत असेल, रंग उडालाय, घाम आहे, नाडी पळतेय, तर त्या माणसाच्या पोटात आत्ता रक्त वाहतंय. त्याला दवाखान्यात न्यायचं. लगेच. मला नाव नको."

चौथा मेसेज. "नाही नेलं तर?"

"मरेल," मी म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत, कदाचित त्याच्या आधी."

वर्गाला कळेना मी कुणाशी बोलतेय. दोघं-तिघं मागं वळून बघायला लागले. मी लॅपटॉपवरून नजर काढली नाही. एक मिनिट गेलं असेल. मग आला, "तो मेला तर वहिनी सुटेल."

मी पोटातलं शिकवते. त्या क्षणी काहीतरी मोठं, माणुसकीचं बोलायला हवं होतं असं आज वाटतं. मी बोलले ते एवढंच: "तो मेला तर खुनाची केस होईल. आज नेला तर होणार नाही." एका पोरीला मी पोलिसांचा धाक घातला. ते वाक्य मला अजून खटकतं.

खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. दीड वर्ष ती माझ्या वर्गात होती आणि हजेरीच्या "यस मॅडम" पलीकडं तिचा आवाज मी ऐकला नव्हता. पौडजवळच्या एका गावातली, शेतकऱ्याच्या घरातली. घरच्यांनी बरीचशी जमीन विकली होती आणि उरलेल्यात कंपनीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या.

"मॅडम, मी जाऊ का?"

"जा. आधी एकशे आठला फोन कर."

ती बाहेर गेली. दार उघडंच होतं. आम्हा सगळ्यांना तिचा आवाज ऐकू येत होता. तिनं गावाचं नाव सांगितलं, देवळामागचं घर सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, "न्हाई, पडला न्हाई. मारलंय." कुणी, असं पलीकडून विचारलं असावं. "मी मारलंय."

पुढच्या बाकावरच्या एकीनं तोंडावर हात ठेवला. मी प्रोजेक्टर बंद केला. तास संपायला वीस मिनिटं होती. ती संपेपर्यंत कुणी जागचं उठलं नाही.

घरात काय झालं होतं ते तिनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. भाऊ तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. लग्न झाल्यापासून बायकोला मारायचा. आधी दारू पिऊन, मग तशीही. त्या संध्याकाळी त्यानं वहिनीची वेणी मनगटाला गुंडाळली होती आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटत होता. एकेक करून, सावकाश, मोजल्यासारखं. आईनं गॅस बंद केला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. वडील ओट्यावर होते. कामगारांच्या खोल्यांमधून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "आज फिर," आणि दार लावून घेतलं.

"दारामागं खोऱ्याचा मोडका दांडा व्हता," ती म्हणाली. "मी तीन येळा हाणला. पहिला पाठीत, दुसरा दंडावर. तिसऱ्याला तो वळला, मग बरगडीखाली बसला."

भाऊ खाली बसला आणि हसला. म्हणाला, "पोरीला ताकद आली की."

वहिनीच्या डोक्यातून रक्त येत होतं. तिचं तिनंच हळद लावून फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी भावाच्या पोटात दुखायला लागलं. वडिलांनी ठरवलं की दवाखाना नको. "पोलीस आले तर पोरीचं नाव जाईल. मग हिला कोण करून घेईल?" एका ओळखीच्या कंपाउंडरनं घरी येऊन इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला धड बसवेना. आईनं मुलीला कॉलेजला पाठवलं, नेहमीसारखं, म्हणजे शेजाऱ्यांना संशय नको. बसमध्ये तिनं आधी फोनवर शोधायचा प्रयत्न केला होता. काय शोधायचं तेच तिला सुचेना. मग माझा तास होता.

अँब्युलन्स आली तेव्हा वडिलांनी ती दारातून परत पाठवायचा प्रयत्न केला. वहिनीनं आतून नवऱ्याला काखेत धरून बाहेर आणलं. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं, पाणथरी काढली, तो वाचला. पोलीस दवाखान्यात आले तेव्हा तो म्हणाला, गच्चीच्या जिन्यावरून पडलो. बहिणीनं लोळवलं असं त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. वडिलांनीही तेच सांगितलं. तसंच लिहिलं गेलं.

तो घरी आला त्या दिवशी वहिनी घोटावड्याला माहेरी निघाली आणि निघताना नणंदेला म्हणाली, "चल. हितं राहिलीस तर पुढचा नंबर तुजा हाय." दोन पिशव्या घेऊन दोघी गेल्या. माहेरच्यांनी एक पत्र्याची खोली दिली. वहिनी जवळच्या कंपनीत पॅकिंगला लागली. मुलगी तिथून कॉलेजला यायला लागली आणि त्याच बाकावर बसायला लागली. वर्ग तिला जागा देऊन थोडा लांब बसायचा. ती भीती होती की आदर, मला सांगता येणार नाही.

महिना-सव्वा महिना गेला. मी पुन्हा प्रोजेक्टर लावून शिकवत होते. दार धाडकन उघडलं आणि तो आत आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. उतरलेला, दाढी वाढलेली, एक हात पोटावर धरलेला. तो सरळ तिसऱ्या बाकाशी गेला, बहिणीची वेणी धरली आणि ओढली.

"चल घरी. माझा संसार मोडून हितं शाळा करतीस व्हय?"

ती बाकाला धरून राहिली. बाक तिच्यासकट सरकला. मी मध्ये गेले, त्याचं मनगट धरलं. मी म्हणाले, "सोडा तिला. हा वर्ग आहे."

"तूच का ती?" तो म्हणाला. "तूच शिकवलंस का हिला कुटं मारायचं ते?"

आणि मोकळ्या हातानं त्यानं माझ्या कानाखाली मारली. मी टेबलावर आदळले. प्रोजेक्टर खाली पडला आणि त्याची काच फुटल्याचा आवाज मला एकाच कानानं आला. दुसऱ्यात शिट्टी वाजत होती, बारीक, न थांबणारी. पडदा फाटला होता ते डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं. मला ते तिथंच कळलं होतं.

मुलं उठली. सात-आठ असतील. एकानं त्याला मागून कवेत पकडलं, दुसऱ्यानं तोंडावर मारलं, तिसऱ्यानं. तो बाकांच्या मधल्या वाटेत पडला. मग लाथा सुरू झाल्या. मी टेबलाला धरून उभी होते आणि बघत होते. ज्या मुलांना मी दीड वर्ष शिकवलं होतं ती मारत होती, आणि नीट मारत होती. एका मुलानं बुटाचा पाय मागं घेतला. पोटाच्या डाव्या बाजूवर त्याचा नेम होता.

मला ओरडता आलं असतं. माझा एक कान गेला होता, तोंड शाबूत होतं. त्या माणसाच्या पोटात कुठं काय शिवलंय, तिथं पुन्हा मार बसला तर काय होईल, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी गप्प राहिले. तीन सेकंद असतील, चार असतील. त्या सेकंदांत माझ्या मनात एकच होतं, बसू दे.

"डाव्या बाजूला नको."

आवाज तिचा होता. वेणी सुटून केस तोंडावर आले होते. ती बाकावरून उडी मारून खाली आली होती आणि भावाच्या पोटावर वाकली होती, दोन्ही हात पसरून. "तितं टाके हायेत. डाव्या बाजूला नको."

तो पाय तिच्या हातावर बसला. करंगळीचं हाड मोडलं. मग सगळे थांबले. भाऊ खाली पडून धापा टाकत होता, ओठ फुटला होता. ती त्याच्यावरून उठली, दुखरा हात दुसऱ्या हातात धरून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आता जा."

शिपाई आणि दोन प्राध्यापक धावत आले, त्याला बाहेर घेऊन गेले. यावेळी पोलीस केस झाली. माझी तक्रार, त्याची तक्रार, आणि पोलिसांनी मागितलेली मारणाऱ्या मुलांच्या नावांची यादी, जी मी दिली नाही. कुणी मारलं ते दिसलं नाही असं मी लिहून दिलं. ते खोटं होतं.

प्राचार्यांनी बैठक घेतली. प्रोजेक्टर फुटला, पालक वर्गात घुसला, शिक्षिकेला मारहाण झाली, या सगळ्याचं मूळ त्यांना त्या चौकोनी कोडात दिसलं. "नाव न लिहिता काहीही विचारायची सोय दिली की हे होणारच," ते म्हणाले. इथून पुढं प्रश्नाबरोबर नाव आणि रोल नंबर लिहिणं सक्तीचं झालं. मी वाद घातला. म्हणाले, नाव लिहावं लागलं असतं तर तो माणूस मेला असता. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा कान दुखतोय, घरी जा."

नाव सक्तीचं झाल्यावर पहिल्या तासाला दोन प्रश्न आले. एक होता, "नोट्स कधी मिळतील?" दुसरा, "सर्व समजले, धन्यवाद मॅडम." पुढच्या तासाला एकही नाही. सत्र संपेपर्यंत असंच चाललं. पुढच्या वर्षी कुणाला न विचारता मी माझ्या वर्गापुरतं ते पुन्हा बिननावाचं केलं. एक फरक मात्र केला. तास संपल्यावर मी अर्धा तास प्रयोगशाळेत बसते, दार उघडं ठेवून. वळाचा प्रश्न आला की उत्तर देते आणि शेवटी सांगते, मी अमुक वेळेपर्यंत तिथं आहे. बहुतेक वेळा कुणी येत नाही. कधी कधी येतं.

त्या मुलीचा हात प्लास्टरमधून निघाला तेव्हा ती माझ्याकडं आली होती. प्रयोगवही पूर्ण करायची होती, लिहिता येत नव्हतं म्हणून राहिली होती. आम्ही दोघीच होतो. वही मिटून तिनं विचारलं, "मॅडम, त्या दिवशी त्याला मारत व्हते तवा तुमी काहीच का बोलला न्हाई?"

कुठल्या दिवशी, असं मी विचारलं नाही.

"तुला कळलं होतं?"

"तुमच्याकडं बघत व्हते मी. मला वाटलं तुमी आता सांगाल, मग ते थांबतील. तुमी सांगितलं न्हाई."

"मला वाटलं, बसू दे त्याला," मी म्हणाले.

तिनं वहीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मला पण वाटलं व्हतं," ती म्हणाली. "तुमच्या तासाला. तुमी खुनाची केस म्हणालात तरी मला काही वाटलं न्हाई. मी बसूनच ऱ्हाणार व्हते."

"मग का उठलीस?"

"तुमी पहिल्यांदा म्हणाला व्हतात ना, हा प्रश्न ज्यानं विचारला त्यानं पुढं शिकावं." ती ओशाळून हसली. "असं कुणी म्हणलं नव्हतं कधी. तेच डोक्यात राहिलं. मग कसं बसून ऱ्हायचं."

ते मी एका चांगल्या प्रश्नासाठी म्हणाले होते, एका हुशार विद्यार्थ्याला, ज्याला माझ्या कल्पनेत ना घर होतं ना भाऊ.

ती पास झाली. आता पिरंगुटकडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते आणि घोटावड्याच्या त्याच खोलीत वहिनीबरोबर राहते. वहिनीनं केस केली आहे, तारखा पडताहेत. भाऊ आईवडिलांकडं आहे. पाणथरी नसलेल्या माणसाला साधा तापही जड जातो, त्याला लस टोचून घ्यावी लागते. हे तिला माहीत आहे. म्हणून ती आईला फोन करून लशीची आठवण करून देते, आणि त्यानं फोन घेतला तर काही न बोलता ठेवून देते. माझा डावा कान अर्धाच राहिला. मुलं आता हळू बोलली की मला त्यांच्या बाकापर्यंत जावं लागतं, वाकावं लागतं आणि म्हणावं लागतं, पुन्हा सांग, मला ऐकू आलं नाही.